मोटारीची बाकं आणि तुरीचे दाणे

माझा नातजावई इंजिनियर आहे. जेवायला बसला की ताटाभोवती वाट्या मांडून मला शहर दाखवतो. आमटीची वाटी म्हणजे स्टेशन, लिंबाची फोड म्हणजे बाजारपेठ, आणि मधे दोन चमचे आडवे ठेवून विचारतो, "आजी, इथं मोनोरेल बरी की मेट्रो?" मोनोरेल म्हणे एकाच रुळावरून जाते, अरुंद गल्लीतसुद्धा वळते, पार घराजवळ येते, पण तिच्यात माणसं थोडी मावतात. मेट्रोत माणसं ढिगानं मावतात, पण तिला जागा फार लागते, आणि ती आपल्या दारी येत नाही, आपल्यालाच तिच्या दारी जावं लागतं. तासाला कुठल्या गाडीतून किती माणसं जातील याचं गणित तो मला हातवारे करून सांगतो. पोरगा हुशार आहे, पण हा प्रश्न त्याच्याच ऑफिसात पहिल्यांदा निघाला असं त्याला वाटतं. मी म्हटलं, बाबा रे, हे भांडण आमच्या घरात निजामाच्या राज्यात होऊन गेलंय, आणि तेही माझ्याच लग्नात. तो हसला. मला राग आला. म्हातारी काही सांगू लागली की ही मुलं आधी हसून घेतात आणि मग ऐकतात. म्हणून आता बोलत बसत नाही, लिहूनच काढते.

लढाईची वर्षं होती ती. लढाई कुठं लांब चालली होती, पण आमच्याकडं तिची झळ साखरेला, रॉकेलला आणि पेट्रोलला लागली होती. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या पाठीला उभे बंब बसवले होते. त्यात कोळसा टाकायचा, पेटवायचा, हातानं चाक फिरवून वारा घालायचा, आणि मग पाऊण तासानं त्या बंबाच्या गॅसवर मोटार सुरू व्हायची. चढ लागला की धापा टाकायची आणि आत बसलेल्यांची तोंडं काळी करायची. तरी मोटार ती मोटार. जिच्या दारात वऱ्हाडाची मोटार उभी राहिली ती नवरी वेगळीच, असं आमच्या भागात मानत.

दुसरी होती धाकटी रेल्वे. आमचं गाव ढोकीच्या स्टेशनापासून दीड कोसावर. ढोकीवरून लातूर-बार्शीची गाडी जायची. अरुंद रूळ, बुटके डबे, आणि चाल अशी की येडशीच्या पुढं रामलिंगाच्या घाटात माणसं उतरून बरोबरीनं चालायची आणि पुन्हा चढायची. तिला वेळेचं बंधन नव्हतं. पण तिची शिट्टी वारा पडलेला असला की आमच्या अंगणात ऐकू यायची, आणि अव्वा हातातलं काम थांबवून ती पुरी ऐकायची.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर मुरुमचं, तिकडं घरात कानडीच बोलत. मुरुमहून ती बैलगाडीत बसून आमच्या घरी नांदायला आली, आणि माहेरी गेली तरी बैलगाडीतच गेली. वीस वर्षं शिट्टी ऐकत होती, पण रेल्वेत तिनं कधी पाय ठेवला नव्हता. जास्त वाईट वाटलं की ती कानडीत एकच शब्द बोलायची, 'आयतु'. म्हणजे झालं, संपलं, असू दे. 

आणि अप्पा, माझे वडील. त्यांची भुसार मालाची अडत होती. ज्वारी, तूर, करडई. पंचक्रोशीत त्यांच्या मापाचं नाव होतं. शेतकरी सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही, पण अप्पांच्या मापावर ठेवायचा. आमच्या धंद्यात मोजायची एक रीत आहे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं. आणि राशीतलं शेवटचं माप मोजायचं नाही, ते तसंच राशीच्या जागी सोडायचं. सगळं मोजून संपवलं तर बरकत जाते. अप्पांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की ते अंगणातल्या शेळ्यासुद्धा 'लाभ' म्हणून मोजायला सुरुवात करायचे. आपलं माप उभ्या जन्मात चुकलं नाही, असं ते सांगायचे. सणासुदीला तर दोनदा सांगायचे.

माझं लग्न बार्शीच्या घरी ठरलं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या. आमच्यात तेव्हा लग्न नवऱ्याच्या दारी लागे, नवरीकडचं वऱ्हाड तिकडं जाई. म्हणजे वऱ्हाड न्यायचं कसं, हा प्रश्न आला. बैलगाड्यांना दोन दिवस लागले असते आणि दिवस उन्हाळ्याचे. उरली मोटार आणि उरली रेल्वे. आणि आमच्या घराचे उभे दोन तुकडे झाले.

अप्पा मोटारीचे. मोटार आपल्या दारातून उचलते आणि व्याह्यांच्या दारात सोडते, हे त्यांचं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं, रेल्वे कुणाच्या बापाची नाही. काकांच्या मेव्हण्याचं वऱ्हाड मागं रेल्वेनं गेलं होतं, तेव्हा घाटात गाडी हळू झाली म्हणून दोघं जण सीताफळं तोडायला उतरले. गाडी तेवढीच एकदा जोरात गेली. त्या दोघांतल्याच एकाच्या उपरण्याला मंगळसूत्राची पुरचुंडी बांधलेली होती. सकाळचं लग्न दिवेलागणीला लागलं, आणि अप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी सीताफळं वाढवायचे.

काका, म्हणजे अप्पांना अण्णा म्हणणारे त्यांचे धाकटे भाऊ, रेल्वेचे. त्यांचं म्हणणं साधं, माणसं जास्त जातात. आत्या मोटारीची, कारण तिच्या जावेनं मोटार पाहिलेली नव्हती. अव्वाला कुणी विचारलं नाही, पण भाकरी वाढता वाढता तीच म्हणाली, "रेल्वेत माणसं मोजावी लागत न्हाईत." त्यावर अप्पा म्हणाले, मोजल्याबिगर भुसा नेतात, माणसं न्हाय. पंगतीतली सगळी हसली, अव्वाही हसली. मला मात्र तिचं म्हणणं तेव्हाच कळलं. अव्वाला यायचं होतं. मी एकुलती एक. माझ्यावर अक्षता पडतील तेव्हा माझ्या पाठीशी उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट ती मला लहानपणापासून सांगत आली होती, आणि मोटारीच्या मापात आपण बसू याची तिला खात्री नव्हती.

तिची शंका खरी निघाली. अप्पा धाराशिवला गेले, मोटार बघून, तिची बाकं मोजून, बोली करून आले. आल्या आल्या त्यांनी सोप्यात बसून तुरीचे एकवीस दाणे जमिनीवर मांडले, बाकं जशी होती तशाच रांगांत. एक दाणा म्हणजे एक जागा. माणूस आणि पोतं यांत अप्पा फार फरक करत नसत. एक माणूस, एक पोतं; पोरं मांडीवर, ती पासंगात, म्हणजे हिशेबाबाहेर. आत्याला त्यांनी दीड पोतं धरलं, तेव्हा आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग सुरू झाला मानपान. काका-काकू, आत्या आणि तिचे यजमान, मुरुमचे दोन मामा, एका मामाचे सासरे, कारण त्यांनी हे स्थळ सुचवलं होतं, लग्न लावणारे आमचे स्वामी, भाऊबंदांतल्या प्रत्येक घरचं एक माणूस. एकेका दाण्यावर बोट ठेवून अप्पा नाव घेत. दाणे संपले आणि एक भाऊबंद उरला. पुन्हा मोजलं, पुन्हा तोच उरला. कुणाला वगळलं तरी तो जन्मभर बोलणार. मोठ्या मामाला वगळावं तर मुरुम तुटलं. मामाच्या सासऱ्याला वगळावं तर स्थळ सुचवणाऱ्याचा अपमान. त्या एका दाण्यावरून संध्याकाळपर्यंत सोप्यात असा गोंधळ चालला की बाहेर लिलाव आहे समजून दोन शेतकरी येऊन बसले.

मी माजघराच्या दाराआडून बघत होते. अव्वा आली, खाली वाकली, स्वतःच्या नावाचा दाणा उचलला आणि त्या उरलेल्या भाऊबंदाच्या नावावर ठेवला. म्हणाली, घरी म्हैस व्यायला झालीय, कुणीतरी राहायलाच पाहिजे. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वगळल्यावर रुसणार नाही असं माणूस त्या घरात एकच होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पा थोडा वेळ त्या दाण्याकडं बघत राहिले. अव्वा आत येता येता पुटपुटली, "आयतु."

मला भयंकर राग आला. अप्पांचा आला, मामाच्या सासऱ्याचा आला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त अव्वाचाच आला. मी काकांना गाठून रेल्वेचं पुन्हा काढायला लावलं. काकांनी काढलं आणि अप्पांच्या सीताफळांपुढं गप्प बसले. मग मी जेवण सोडलं. त्या काळी मुलीच्या हातात तेवढंच हत्यार होतं. अव्वा माझं ताट घेऊन माझ्यासमोर बसली आणि माझी भाकरी मिटक्या मारत स्वतःच खाल्ली. ठेचा चांगला झालाय म्हणाली. मला हसू आलं आणि माझं उपोषण मोडलं. त्याच वेळी मी तिला विचारलं, तू नसलीस तर माझ्या पाठीशी कोण उभं राहील? ती म्हणाली, "तू भिऊ नगंस. म्या हितूनच अक्षता टाकते, बार्शीकडं तोंड करून. पडतील तवा पडतील." आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. 

निघायच्या दिवशी पहाटेच मोटार आली. चालवणारा धाराशिवचा दखनी बोलणारा माणूस, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं बंब पेटवला आणि गावानं त्याच्याभोवती कडं केलं. मोटारीत चढायलाच तास गेला. आत्या पुढच्या बाकावर बसली ती हललीच नाही. मामाच्या सासऱ्यांना खिडकी हवी होती, पण वारा नको होता. रुखवताच्या पाट्या, लाडवांचे डबे, कपड्यांची ट्रंक, सगळं पाठीमागच्या बाकाच्या कडेला रचलं गेलं. अव्वा खाली रस्त्यावर उभी. ती रडली नाही. पाण्याची घागर नीट बांधली का, डब्यांची झाकणं घट्ट आहेत का, एवढंच विचारत होती. मोटार हलली तशी मी मागं वळून बघितलं, पण बंबाच्या धुरात मला काही दिसलं नाही. सगळा गाव दिसेनासा झाला, त्यात अव्वाही गेली.

वाटेत आत्यानं गाणं धरलं, मामांनी लाडवांचा एक डबा उघडला. वऱ्हाड मजेत होतं. मी नवरी, मला खाली मान घालून बसायचं होतं, त्यामुळं रडले तरी कुणाला नवल वाटलं नाही. येडशी मागं पडली आणि कोसाभरावर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागला. तिथून पुढं इंग्रजांची हद्द. नाकेदार कडक होता. नवं कापड, पितळेची भांडी, सगळं खाली उतरवा म्हणाला. माणसंही उतरली. पाट्या, डबे, ट्रंक, सगळं रस्त्याकडेला मांडलं. त्यानं सगळ्यात हात घालून बघितलं, दोन लाडू खाल्ले, आणि जा म्हणाला.

परत चढताना मोटारवाल्यानं सामान आत ठेवू दिलं नाही. घाटात सामान घसरून माणसांच्या अंगावर येतं म्हणून सगळं टपावर बांधलं. माणसं आपापल्या जागी बसली. मोटारवाला दारातून आत डोकावला, त्यानं डोकी मोजली, आणि अप्पांना विचारलं, "सावकार, पीछे एक जगा खाली हय. कोई रह गया क्या?"

सगळ्यांनी माना वळवल्या. पाठीमागच्या बाकाच्या कडेला, जिथं रुखवताची पाटी होती, तिथं एका माणसाची रिकामी जागा होती. कुणी मांडीवरच्या पोरांकडं बघितलं, कुणी नाकेदाराकडं. कोणी खाली राहिलंय का म्हणून मामा उतरून बघून आले. सगळे आत होते. तेव्हा मी मान वर केली. नवरी बोलत नसते, पण मला राहवेना. म्हटलं, "अव्वा राहिली."

अप्पा उठले आणि पुढून जागा मोजू लागले. बोट ठेवत, सावकाश, दाणे मोजतात तसे. लाभ, दोन, तीन. एकविसाव्या जागेवर बोट आलं आणि थांबलं. हात खाली आला. शेवटची जागा त्यांच्या समोर होती, डोळ्यांना दिसत होती, पण ती मोजायला त्यांचं बोट पुढं गेलं नाही. रास मोजताना जन्मभर जे सोडलं तेच धाराशिवला मोटार मोजतानाही सुटलं होतं. काका हळूच म्हणाले, "अण्णा, ती शेवटची बी मोजा."

अप्पा म्हणाले, "बावीस." आणि खाली बसले.

इतका वेळ चाललेलं आत्याचं गाणं बंद पडलं होतं. तीच आधी बोलली. असू द्या, ती बरकतीची जागा, शुभ असते. मोटार मागं फिरवावी असं काकांनी सुचवलं, पण मोटारवाला म्हणाला, कोळसा बार्शीपुरताच आहे, मागं गेलो तर रस्त्यातच मुक्काम. संध्याकाळी व्याह्यांच्या घरी देवदेवक आणि पाहुण्यांचं स्वागत, उद्या दुपारी अक्षता. अप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, घाम पुसला, पुन्हा डोक्यावर ठेवलं. मग काकांना म्हणाले, तू वऱ्हाड घेऊन पुढं हो. लातूरकडं जाणारी गाडी येडशीला दुपारी येते, ती मी धरतो. मामांनी मी जातो म्हटलं, काकांनी मी जातो म्हटलं. अप्पांनी दोघांनाही नको म्हटलं. ज्यानं मोजलं त्यानंच तूट भरायची असते. थोडं पुढं गेल्यावर मी मागं पाहिलं, तर ते रस्त्याच्या कडेनं येडशीकडं चालले होते, पांढरं धोतर वर खोचून. माझ्या बापाला मी असं घाईनं चालताना कधी बघितलं नव्हतं.

बार्शीला आमचं स्वागत दणक्यात झालं. मोटार बघायला आळी लोटली. फक्त नवरीचा बाप नाही, हे व्याह्यांना लगेच कळलं. आमच्या लोकांनी आपसांत ठरवायला हवं होतं, पण ठरवलं नाही. काकांनी सांगितलं, अण्णांना ताप भरलाय. मामांनी सांगितलं, बाजाराचं तातडीचं काम निघालं. आत्यानं सांगितलं, ते देवीला नवस फेडायला गेलेत. दिवस मावळायच्या आत व्याह्यांच्या कानावर तिन्ही कारणं गेली. ते भले गृहस्थ, पण माझ्या सासूबाईंचं तोंड कडू झालं. कुठल्या घरची मुलगी आणतोय आपण, असं त्या कुणाला तरी म्हणाल्या, ते मी ऐकलं.

सकाळची बार्शीकडं येणारी गाडी दहाला यायची. दहा वाजले, अकरा वाजले. माझी हळद उतरवून झाली, शालू नेसवून झाला, मुंडावळ्या बांधून झाल्या. दर थोड्या वेळानं मी काकूला विचारायची, शिट्टी ऐकू आली का. काकू म्हणायची, बार्शी केवढी, हितं शिट्टी कुठली ऐकू येते. अप्पांचे शब्द मला आठवत होते, रेल्वे कुणाच्या बापाची नाही. पहिल्यांदाच ते खोटं ठरावं असं मला वाटत होतं. मांडवात माणसं बसली, अक्षता वाटल्या गेल्या. माझ्या नवऱ्याकडं बघायला हवं होतं मी. सगळ्या मुली बघतात. मी मांडवाच्या दाराकडं बघत होते. स्वामींनी एकदा विचारलं, वडील? काका म्हणाले, येतीलच. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकांनीही दाराकडं बघितलं.

आणि मांडवाच्या दारातून अप्पा आले. पायी. स्टेशनावरून टांगा मिळाला नव्हता. पागोटं वाकडं, अंगावर धूळ, धोतराला इंजिनाच्या ठिणग्यांची दोन भोकं. त्यांच्या मागं अव्वा. मळक्या, घरच्या, विटक्या लुगड्यात, कोपरापर्यंत ताकाचे वाळलेले शिंतोडे. पुढं कळलं ते असं, की येडशीची ती दुपारची गाडी दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ढोकीला पोचली होती. अप्पा घरी आले तेव्हा अव्वा ताक घुसळत होती. त्यांना बघून तिनं विचारलं, कोण मेलं? ते म्हणाले, कोण न्हाय, चल, गाडी येतीय. म्हशीचं दावं शेजारणीच्या हाती देऊन ती जशी होती तशी दीड कोस पळत आली होती. लुगडं बदलायला त्यांनी तिला सवड दिली नव्हती.

माझ्या सासरच्या बायकांत कुजबुज सुरू झाली, ही कोण म्हणून. व्याही पुढं झाले आणि त्यांनी अप्पांना विचारलं, होता कुठं, आम्हाला घोर लागला. मागून काका हातानं खुणा करत होते, ताप, ताप. मांडवात बार्शीचे सगळे भुसार व्यापारी बसलेले. अप्पांचं नाव त्यांना ठाऊक होतं, मापासकट. अप्पांनी काकांकडं बघितलंही नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं माप चुकलं. एक माणूस कमी भरलं. ते आणाया गेल्तो."

मी माझ्या बापाला पुष्कळ वर्षं पाहिलं, पण त्या क्षणाला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. व्याह्यांनी त्यांचे दोन्ही हात धरले. सासूबाई स्वतः उठल्या आणि अव्वाला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आल्या. तिनं वाटेत कुणाच्या तरी ओंजळीतून मूठभर अक्षता घेतल्या होत्या.

ती माझ्या पाठीशी उभी राहिली. तिच्या अंगाला ताकाचा आणि कोळशाचा वास येत होता. स्वामी म्हणू लागले. आता ती रडेल असं मला वाटलं, म्हणून मी स्वतःला सावरून धरलं. पण ती माझ्या कानाशी वाकली आणि घाईघाईनं, जसं काही कधीपासून सांगायचं राहिलंय असं, बोलली.

"गाडीत मुंगीला बी जागा न्हवती बघ. पर म्या आत पाय ठेवला, आन् समदे सरकले."

मला हसू फुटलं ते आवरेना. डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी मुंडावळ्यांतून हसत होते. ही नवरी अक्षतांच्या वेळी दात काढत होती, असं सासरच्या बायका पुढं वर्षभर मला ऐकवत होत्या.